चष्म्यातली पहिली रांग

व्हीआर हेडसेट डोळ्यांवर चढवला की नाशिकच्या कालिदास कलामंदिरातली पहिली रांग घरबसल्या मिळाली, असा एक समज आहे. रांग मिळते; खुर्ची मात्र कॅमेऱ्याची असते. 180 किंवा 360 अंशांच्या चित्रणात मान वळवली की दृश्य वळतं, पण उठून दोन पावलं पुढे गेलात तरी गायक जवळ येत नाही. नाशिकच्याच पिंपळपारावरची पाडवा पहाटेची मैफल अशी दाखवायची तर खरा प्रश्न कॅमेरा कुठे ठेवायचा हाच. तबलजीची बोटं टीव्हीचा दिग्दर्शक नेमक्या वेळी जवळून दाखवतो. इथे ती लांबूनच दिसणार.

दुसरा समज जास्त पक्का: पडदा डोळ्यांना इतका जवळ, म्हणजे चित्र टीव्हीपेक्षा स्पष्ट. हिशेब करून बघा. फोर-के चित्राच्या रुंदीत 3,840 ठिपके असतात. 55 इंची टीव्ही अडीच मीटरवरून नजरेचे जेमतेम 27 अंश व्यापतो, म्हणजे अंशाला सुमारे 140 ठिपके. तेच ठिपके 360 अंशांत पसरले की अंशाला उरतात दहा-अकरा. एका पोळीचं तूप पंगतभर वाढल्यासारखं! निरोगी नजरेला अंशाला साठेक ठिपके तरी लागतात. त्यामुळे हेडसेट महागातला घेतला तरी गायिकेच्या चेहऱ्यावरचे भाव टीव्हीवरच नीट दिसतात. हेडसेटची मजा निराळी: मंडपात आपण बसलोय असं वाटतं, आणि ते टीव्हीला जमत नाही.

हेडसेट महागच असतो, हेही खरं नाही. 2023 च्या आयपीएलच्या वेळी आलेला जिओडाइव्ह 1,299 रुपयांचा होता. त्यात पडदा म्हणून आपलाच मोबाइल बसवायचा.

डोळे जातील ही भीतीही अवास्तव. भिंगांमुळे नजर मीटरभर किंवा त्याहून दूर स्थिरावते. शिणवटा मात्र येतो, आणि कॅमेरा हलता असेल तर गरगरतं, कारण डोळे म्हणतात चाललोय, तोल सांभाळणारा आतला कान म्हणतो बसलोय.

आता नाट्यगृहं ओस पडणार म्हणे. पण एकट्याने बघण्याची सोय काही नवी नाही: एडिसनच्या किनेटोस्कोपच्या पेटीतही एका वेळी एकानेच वाकून बघायचं असे. तरी 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चित्रं पडद्यावर सगळ्यांनी मिळून पाहिली, आणि त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या फाळक्यांनी पुढे नाशकात चित्रपट काढले ते अशाच पडद्यासाठी. हेडसेट लावून 'वन्स मोअर' ओरडलात, तर तो फार तर स्वयंपाकघरापर्यंत पोचेल.