पाहुण्याचे पान आणि बेटाची विहीर

अगत्ती बेटावरील मुक्कामाच्या तिसऱ्या दिवशी दुपारच्या पानात पुन्हा ट्यूनाच आला, तेव्हा मी यजमानांना सहज विचारले, ‘इथे दुसरा कोणता मासा मिळत नाही का?’ विचारताना मनात तक्रार नव्हती. निवृत्तीनंतरचा निवांत प्रवास होता, माडांच्या सावलीत टेबल मांडलेले होते आणि समोर लगून, म्हणजे प्रवाळभिंतीच्या आतले उथळ व संथ पाणी, क्षणाक्षणाला रंग पालटत होते. अशा जागी माणसाच्या जिभेला वैविध्याची ओढ लागते. यजमान काही बोलले नाहीत. रात्री मात्र मसाला लावून तळलेला अख्खा हेकरू पानात आला आणि मी तो आवडीने खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर फिरताना यजमानांनी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितले, ‘सर, त्या माशासाठी माझा भाचा काल अर्धा दिवस प्रवाळाच्या कडेवर बसला होता. आमच्या घरात हा मासा फारसा शिजत नाही. पाहुणे मागतात, म्हणून आता आणावा लागतो.’ त्यांच्या स्वरात रोष नव्हता. पाहुण्याला नाही म्हणायचे नसते, एवढेच त्यांना सांगायचे असावे. पस्तीस वर्षे शासनात धोरणांच्या टिपण्या लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला त्या एका वाक्याने बराच काळ अस्वस्थ केले. लहान बेटावर पाहुण्याने काय मागावे आणि किती मागावे, हा केवळ रुचीचा किंवा शिष्टाचाराचा प्रश्न राहत नाही. लक्षद्वीपच्या भवितव्याविषयी देशात जी चर्चा सुरू आहे, तिच्या केंद्रस्थानी हाच प्रश्न असायला हवा.

तांदूळ आणि काथ्या

लक्षद्वीपची एकूण भूमी सुमारे ३२ चौरस किलोमीटर. तीत वस्ती असलेली बेटे दहा, आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ६४ हजार. केरळच्या किनाऱ्यापासून २२० ते ४४० किलोमीटर अंतरावरच्या या बेटांवर नदी नाही, डोंगर नाही आणि भातशेतीही नाही. नारळ आणि मासळी या दोनच गोष्टी निसर्गाने मुबलक दिल्या. भात मात्र कायम समुद्रापलीकडून आला.

या भाताचा इतिहास बोलका आहे. कण्णूरच्या अली राजांच्या अमलाखाली बेटांवरील काथ्याच्या खरेदीची मक्तेदारी राजघराण्याकडे होती. काथ्याचा दर कण्णूरमध्ये ठरे आणि मोबदला तांदळाच्या रूपाने मिळे. दोन्ही वस्तूंचे मोल एकाच्याच हाती असल्याने बेटकऱ्याला घासाघीस करण्याची जागा उरत नसे. या जाचाला कंटाळून १७८० च्या दशकात अमिनी गटातील लोकांनी टिपू सुलतानाचा आश्रय घेतला. १७९९ मध्ये टिपूच्या पाडावानंतर ती बेटे इंग्रजांकडे गेली आणि उरलेल्या बेटांवरील कण्णूर घराण्याचा हक्क १९०८ मध्ये औपचारिकपणे संपला. दरम्यान १८४७ च्या वादळाने कल्पेनी आणि आन्द्रोत ही बेटे उद्ध्वस्त झाली. माड कोसळले म्हणजे काथ्या गेला, आणि काथ्या गेला म्हणजे तांदूळही गेला.

आज तांदूळ सरकारी व्यवस्थेतून येतो, परंतु येतो तो जहाजानेच. भाजी, कांदे, गॅसचे सिलिंडर आणि डिझेलही कोची, बेपूर किंवा मंगळुरूहून येते. पावसाळ्यात, १५ मे ते १५ सप्टेंबर या काळात, मालवाहू गलबतांची ये-जा बंद असते. म्हणून बेटावरील प्रत्येक घर त्याआधी साठवण करून ठेवते. मुंबई-दिल्लीहून आलेला पाहुणा न्याहारीला टोस्ट, जेवणाला पनीर आणि संध्याकाळी शीतपेय मागतो, तेव्हा या मर्यादित जहाजवाहतुकीतला थोडा हिस्सा तो आपल्यासाठी राखून घेत असतो. त्याला हे ठाऊक नसते, कारण त्याच्या देयकावर जहाजाचा उल्लेख नसतो.

ट्यूनाच का?

आता त्या तिसऱ्या दिवशीच्या प्रश्नाकडे येतो. लक्षद्वीपमध्ये, विशेषतः मिनिकॉय आणि अगत्ती येथे, ट्यूना पकडण्याची जुनी पद्धत गळकाठीची आहे. पहाटे लगूनमध्ये लहान चंदेरी मासळी आमिष म्हणून जिवंत पकडतात आणि होडीतल्या पाण्याच्या कप्प्यात ठेवतात. खोल समुद्रात ट्यूनाचा थवा दिसला की ती मासळी पाण्यात फेकायची, वरून पाण्याचे शिंतोडे उडवायचे आणि खळबळलेल्या थव्यातून एकेक मासा काठीने वर ओढायचा. यात जाळे नसल्याने कासव, डॉल्फिन किंवा नको असलेली मासळी सहसा सापडत नाही.

या पद्धतीचा एक अदृश्य लाभ असा, की बेटाची भूक खोल समुद्रातल्या, झपाट्याने वाढणाऱ्या माशावर भागत आली आणि प्रवाळाच्या आश्रयाने राहणाऱ्या माशांवरचा भार हलका राहिला. पोपटमासा प्रवाळावरचे शेवाळ खरवडून खातो. त्यामुळे नव्या प्रवाळाला रुजायला जागा मिळते, आणि त्याच्या पोटातून बाहेर पडणारी भुकटी किनाऱ्यावरची पांढरी वाळू होते. हेकरू सावकाश वाढतो. त्याचे मोठे नग एकदा संपले की ते भरून यायला अनेक वर्षे लागतात. आमिषाची चंदेरी मासळीसुद्धा लगून आणि प्रवाळाच्याच आधाराने जगते. म्हणजे प्रवाळ खालावले की आमिष घटते, आणि आमिष घटले की ट्यूनाही दुरावतो.

हे प्रवाळ आधीच आजारी आहे. समुद्राचे पाणी तापल्याने १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये लक्षद्वीपमधील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, आणि २०२४ मध्ये पुन्हा तेच झाले. दोन आघातांच्या मधल्या काळात त्याला सावरायचे असेल तर शेवाळ खाणारे मासे हवेत. नेमक्या याच काळात मुख्य भूमीवरील बाजार आणि बेटावरील पाहुणे प्रवाळातल्या माशांची मागणी वाढवत आहेत. माझ्या पानातल्या एका हेकरूने प्रवाळ बुडाले नसते. पण पाहुणा एकटा येत नाही. त्याच्यामागे त्याने काढलेली छायाचित्रे पाहून शेकडो येतात, आणि तेही तेच मागतात.

खरे तर ट्यूनातच केवढे वैविध्य आहे! मिनिकॉयमध्ये तो उकळून, धुरावर धरून आणि उन्हात वाळवून ‘मास’ करतात. तो महिनोन्महिने टिकतो. त्याचा चुरा खोबरे, कांदा, लसूण आणि हळदीबरोबर परतला की भाताला दुसरे काही लागत नाही. माडाच्या गोड रसापासून गूळ होतो, शिर्काही होतो, आणि गूळ-खोबऱ्याचे लाडू प्रवासात उपयोगी पडतात. चौदाव्या शतकात मालदीवमध्ये काझी म्हणून राहिलेल्या इब्न बतूताने तिथल्या वाळवलेल्या मासळीचे आणि नारळापासून केलेल्या मधाचे वर्णन केले आहे. मिनिकॉयची महल ही बोली मालदीवच्या भाषेचीच बहीण, त्यामुळे ही खाद्यपरंपरा किती जुनी असावी याचा अंदाज येतो. एवढे असताना पाहुण्यांसमोर बटर चिकन आणि नूडल्स का येतात? कारण यजमानाला वाटते की पाहुण्याला तेच हवे आहे.

विहिरीचा हिशेब

अन्नापेक्षाही अवघड हिशेब पाण्याचा आहे. अशा बेटाखाली पावसाचे मुरलेले गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकाराने तरंगत असते. भरती-ओहोटीबरोबर विहिरींची पातळीही वरखाली होते. उपसा वाढला की भिंग पातळ होते आणि विहीर मचूळ होते. सांडपाणी मुरवले तर तेही याच भिंगात उतरते. विहीर आणि शौचालयाचा खड्डा यांत अंतर ठेवायला पुरेशी जमीनच नसते.

आपल्या शास्त्रज्ञांनी यावर उत्तर शोधले, याचा अभिमान वाटायला हवा. राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये कवरत्ती येथे दिवसाला एक लाख लिटर क्षमतेचा निःक्षारीकरण प्रकल्प उभारला. समुद्राच्या पृष्ठभागावरील उबदार पाण्याची निर्वात पोकळीत वाफ करायची आणि सुमारे ३५० मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने ती गार करून गोडे पाणी मिळवायचे, असे त्याचे तत्त्व. २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्ती येथेही असे प्रकल्प सुरू झाले. परंतु एक लाख लिटर म्हणजे कवरत्तीच्या अकरा हजार रहिवाशांना दरडोई नऊ-दहा लिटर, पिण्यापुरते आणि स्वयंपाकापुरते. पंप चालवायला वीज लागते आणि बेटावरील विजेचा मोठा हिस्सा जहाजाने आलेल्या डिझेलवर तयार होतो. त्या नऊ-दहा लिटरांतून पर्यटकाचे स्नानगृह आणि तरणतलाव कसे भागणार?

शेजारच्या मालदीवचे उदाहरण आपल्यासमोर आहे. १९७२ मध्ये तिथे पहिले पर्यटक निवास सुरू झाले आणि पर्यटनाने त्या देशाचे दैन्य हटवले, हे निर्विवाद. पण डिसेंबर २०१४ मध्ये राजधानी मालेतील निःक्षारीकरण केंद्राला आग लागली आणि एक लाखाहून अधिक लोक पाण्यावाचून राहिले. तेव्हा भारतानेच विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी धाडले. मालेजवळचे थिलाफुशी हे बेट तर १९९० च्या दशकापासून कचऱ्याच्या भरावानेच वाढत गेले. मालदीवकडे शेकडो निर्जन बेटे होती, म्हणून पर्यटक एका बेटावर आणि रहिवासी दुसऱ्यावर अशी विभागणी त्याला करता आली. आपल्याकडे ती मोकळीक फार थोडी आहे.

धोरण कोणाच्या घरातून जावे?

२०१७ मध्ये केंद्राने बेट विकास संस्था स्थापन केली आणि निती आयोगाच्या पुढाकाराने मिनिकॉय, कदमत व सुहेली येथे पर्यटन प्रकल्पांची आखणी झाली. २०२१ मध्ये विकास प्राधिकरणाच्या प्रस्तावित नियमावलीवरून, शाळेतील माध्यान्ह भोजनातून मांस वगळण्यावरून आणि वस्तीच्या बेटांवर मद्यपरवान्यांच्या प्रस्तावावरून मोठा वाद झाला. जानेवारी २०२४ मधील पंतप्रधानांच्या भेटीनंतर देशभरातून लक्षद्वीपची चौकशी एकाएकी वाढली. बेटांवरील तरुणांना रोजगार हवा आहे, आणि पर्यटनाशिवाय तो कुठून येणार, हा प्रश्न रास्त आहे. बेट काचेच्या कपाटात ठेवा, असे मी म्हणणार नाही.

माझे म्हणणे इतकेच, की हिशेबाचा क्रम बदलावा. आज आपण आधी खोल्या मोजतो आणि नंतर पाणी शोधतो. प्रत्येक बेटाचे गोडे पाणी, सांडपाण्याची सोय आणि परतीच्या जहाजातून नेता येईल असा कचरा आधी मोजावा आणि त्यावरून पाहुण्यांची संख्या ठरवावी. प्रवेशासाठी परवान्याची पद्धत आहेच. ती पोलिसी उपचारापुरती न ठेवता पाहुण्यांची संख्या राखण्यासाठी वापरली, तर नव्या कायद्याचीही गरज पडणार नाही. कल्पेनी, मिनिकॉय यांसारख्या बेटांवर दिवसा फिरून, जेवून रात्री मुक्कामाला जहाजावर परतण्याची जी सहल सरकारी संस्था चालवते, तिच्यामागे हाच विचार आहे.

दुसरी गोष्ट उत्पन्नाची. मानवशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी कल्पेनी बेटाचा अभ्यास करून १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मातृवंशीय परंपरा आणि इस्लाम इथे एकत्र कसे नांदतात हे दाखवले. इथे घर आणि माडाची बाग यांचा वारसा परंपरेने स्त्रीच्या वंशातून जातो. नागपुरात शिकलेल्या या विदुषीचे ते काम आज पर्यटन धोरण आखणाऱ्यांनी मुद्दाम वाचावे. पाहुणा मोठ्या कंपनीच्या निवासात उतरला तर पैसा मुख्य भूमीवर परततो. घरगुती निवासात उतरला तर तो जिच्या चुलीवर मास शिजतो तिच्या हाती जातो. अशा घरांना स्वच्छतेचे प्रशिक्षण, पावसाच्या पाण्याची टाकी आणि अल्प व्याजाचे कर्ज देणे हे पाण्यावरचे बंगले बांधण्यापेक्षा स्वस्त आहे.

तिसरी गोष्ट तुमच्या-माझ्या हातातली. लक्षद्वीपला जाणाऱ्या वाचकाने पानात येईल तो ट्यूना खावा, हेकरू आणि पोपटमासा मागू नये, आंघोळ एका बादलीत आटपावी आणि आपल्या बाटल्या-पिशव्या आपल्याच सामानातून परत आणाव्यात. निवांतपणात यामुळे काही उणे पडत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. अगत्तीहून निघण्याच्या आदल्या रात्री घरधनिणीने काय शिजवू म्हणून विचारले, तेव्हा मी मास आणि भात मागितला. तिने थोडे आश्चर्याने पाहिले, मग वाढताना दोनदा आग्रह केला. सकाळी तिने वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेला मासाचा तुकडा घरी आणला, तो पुढे चार महिने पुरला.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आणि इतिहासाचे अभ्यासक आहेत.)