इंजिनाचा तापमापक : काटा नेमके काय सांगतो?

घाटात रस्त्याच्या कडेला उभी असलेली मोटार, तिचे उघडे बॉनेट आणि आतून निघणारे वाफेचे लोट हे दृश्य आपण केव्हा ना केव्हा पाहिले असेल. गाडी इतकी तापेपर्यंत चालकाला पत्ता कसा लागला नाही, असा प्रश्न तेव्हा पडतो. त्याच्यासमोर तापमानाचा काटा नव्हता काय?

पुष्कळ गाड्यांत तो असतो. पण अनेक नव्या गाड्यांत इंजिनातील पाणी ८० अंश सेल्सिअस असो की १०० अंश, काटा मुद्दामच मध्यावर स्थिर राहील अशी योजना केलेली असते. काटा सारखा हलू लागला तर चालक उगाच घाबरतो, म्हणून ही सोय. काही लहान गाड्यांत तर काटाही नसतो, फक्त तांबडा दिवा असतो. म्हणून जुन्या गाड्यांचे हौशी मालक किंवा नेहमी घाटातून जाणारे चालक बाजारातून वेगळा तापमापक आणून बसवतात. दुकानदार विचारतो, ‘मेकॅनिकल देऊ की इलेक्ट्रिक?’ या प्रश्नाचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे.

किती तापमान म्हणजे जास्त?

इंजिनाभोवती पाणी आणि कूलंट यांचे मिश्रण खेळवलेले असते. सोयीसाठी आपण त्याला पाणीच म्हणू. ते साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत तापले की थर्मोस्टॅट नावाची झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाऊन थंड होऊ लागते. रेडिएटरच्या झाकणाला स्प्रिंग असते. त्यामुळे प्रेशर कुकरप्रमाणे आत दाब वाढतो. आतला दाब बाहेरच्या हवेच्या दुप्पट झाला, तर साधे पाणीसुद्धा सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणून काटा १०० वर गेला म्हणजे पाणी उकळलेच, असे नव्हे. मात्र अशा वेळी झाकण उघडले तर दाब एकदम उतरतो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि हात-तोंड भाजते. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये.

तापमान आणखी वाढले तर इंजिनाचेच नुकसान होते. पुष्कळ इंजिनांचे हेड ॲल्युमिनियमचे असते. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे हेड वाकडे होते, गॅस्केट फाटते आणि मोठा खर्च उभा राहतो. यावरून निवडीचा पहिला नियम मिळतो : मापकावर केवळ ‘थंड’ आणि ‘गरम’ अशा खुणा नसाव्यात. अंश लिहिलेले असावेत आणि पट्टी १२० अंशांपर्यंत तरी असावी.

मापकाचे दोन प्रकार

मेकॅनिकल मापकात पितळेची एक छोटी बंद कुपी असते. तिच्यात ईथरसारखा चटकन बाष्प होणारा द्रव असतो. कुपी पाण्यात बसवतात आणि केसासारख्या बारीक छिद्राची लांब नळी तिच्यापासून डॅशबोर्डवरील मापकापर्यंत नेतात. ईथरच्या बाष्पाचा दाब ३५ अंशांला सुमारे १ वातावरण असतो. १०० अंशांला तो ६ पटींहून अधिक होतो. हा दाब मापकातील वाकवलेल्या चपट्या नळीत शिरतो. जत्रेत मिळणारी कागदी पिपाणी फुंकल्यावर जशी उलगडते, तशी ही नळी किंचित उलगडते आणि काटा फिरतो. अशा नळीचे पेटंट युजीन बूर्दों या फ्रेंच अभियंत्याने १८४९ साली घेतले. या मापकाला वीज लागत नाही. मात्र बारीक नळी कापता किंवा जोडता येत नाही. ती मुडपली, चिरली की मापक निकामी होतो.

इलेक्ट्रिक मापकाच्या संवेदकात बहुधा थर्मिस्टर असतो. तारेचा विद्युतरोध तापल्यावर वाढतो, हे आपण शिकलो आहोत. थर्मिस्टरचे उलट असते : तो तापला की त्याचा रोध घटतो. सिल्व्हर सल्फाइडचा असा गुणधर्म मायकेल फॅरडे यांनी १८३३ मध्ये नोंदला होता. रोध घटला की प्रवाह वाढतो आणि काटा वर चढतो. येथे नळीऐवजी तार पुरते, ती हवी तेवढी लांब घेता येते. परंतु संवेदक आणि मापक एकमेकांसाठीच बनवलेले हवेत. एकाचा मापक आणि दुसऱ्याचा संवेदक जोडला तर काटा फिरेल, पण आकडा खोटा असेल.

काटा खाली, म्हणजे इंजिन थंड?

एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मापक इंजिनाचे तापमान सांगत नाही. संवेदकाच्या टोकाचे सांगतो. म्हणून संवेदक थर्मोस्टॅटच्या आधी, हेडमधील गरम पाण्यात असावा. थर्मोस्टॅटच्या पुढच्या रबरी नळीत तो बसवला, तर झडप उघडेपर्यंत त्याला खरे तापमान कळतच नाही.

आता बिघाडांचा विचार करू. कुपीची नळी चिरली की दाब जातो आणि काटा खाली येतो. थर्मिस्टरची तार सुटली की रोध अनंत होतो आणि काटा खालीच राहतो. एका तारेच्या संवेदकाचा प्रवाह आट्यांतून इंजिनाच्या धातूत परततो. गळू नये म्हणून आट्यांवर जाड टेप गुंडाळली, तर रोध वाढून काटा खरे तापमान कमी दाखवतो. पाणी गळून संपले तर संवेदकाचे टोक उघडे पडते. इंजिन भाजत असतानाही काटा खाली येऊ शकतो. म्हणजे या सर्व चुका एकाच बाजूच्या आहेत, आणि ती धोक्याची बाजू आहे!

तेव्हा चढावर काटा वर गेला तर थांबावेच. पण तो अचानक खाली आला तरीही थांबावे. शक्य असल्यास पाणी कमी झाल्याचा इशारा देणारे साधन किंवा हेडच्या धातूवर घट्ट बसणारा संवेदक जोडीला घ्यावा.

करून पाहा

गॅरेजमधून एक संवेदक मिळवा. शिक्षकांच्या देखरेखीखाली तो चंचुपात्रातील पाण्यात टांगा. मल्टिमीटरची एक तार त्याच्या टोकाला आणि दुसरी त्याच्या धातूच्या अंगाला लावा. पाणी सावकाश तापवा आणि दर १० अंशांनी रोध मोजून आलेख काढा. तो सरळ रेषा येतो का? पाणी १०० अंशांलाच उकळेल असे मात्र गृहीत धरू नका. महाबळेश्वरच्या उंचीवर ते सुमारे ९५ अंशांना उकळते. जवळ प्रयोगशाळेचा तापमापक ठेवाच. ईथरची कुपी असेल, तर ती ज्योतीवर कधीही धरू नका. ईथर ज्वालाग्राही आहे.

हा आलेख हाती आला की दोन मापकांपैकी कोणता खरा बोलतो, हे तुम्हालाच दुकानदाराला सांगता येईल.