द्वेषपूर्ण भाषणाचा कायदा : वऱ्हाडाच्या अनुभवावरून

हा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "अमरावतीत, अकोल्यात जे झालं ते पाहूनही तुम्ही म्हणता असा कायदा नको?" तर तिथूनच सुरुवात करू.

नोव्हेंबर २०२१ मध्ये त्रिपुरातल्या घटनांवरून अमरावतीत मोर्चे निघाले, दुसऱ्या दिवशी बंद, मग दगडफेक, जाळपोळ, संचारबंदी. जून २०२२ मध्ये याच शहरात एका औषध दुकानदाराचा खून झाला. त्यानं मोबाइलवरून पुढे पाठवलेल्या मजकुराचा हा सूड, असा एनआयएचा आरोप आहे. मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून दंगल उसळली आणि एका माणसाचा जीव गेला. हे सगळं आपल्या गावात झालेलं आहे, मी ते हलकं करून सांगणार नाही.

पण मला सांगा, या तिन्ही वेळी कायदा नव्हता का? होता. जुन्या दंडसंहितेचं कलम १५३अ, म्हणजे गटागटांत शत्रुत्व वाढवणं. २९५अ, म्हणजे धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावणं. ५०५, म्हणजे अफवा आणि चिथावणीचा मजकूर. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत तेच १९६, २९९ आणि ३५३ झाले. पहिले दोन दखलपात्र आणि अजामीनपात्र. पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात. तेव्हा "कायदा नाही म्हणून झालं" हे म्हणणं मुळातच खरं नाही.

आता या कलमांचा जन्म कुठला ते बघा, कारण तो आपल्या दारातून गेलेला आहे. सप्टेंबर १८९७ मध्ये टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. त्याच डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीला भरलं. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष आपले दादासाहेब खापर्डे. टिळक तुरुंगात होते. आणि १८९८ उजाडताच सरकारनं दंडसंहिता दुरुस्त केली, राजद्रोहाचं कलम रुंद केलं आणि शेजारी नवं कलम बसवलं : १५३अ. दहा वर्षांनी, १९०८ च्या खटल्यात टिळकांवर राजद्रोहाबरोबर हेही कलम लागलं. आरोप काय, तर इंग्रज आणि हिंदी लोक यांच्यात वैर वाढवलं! सहा वर्षं काळं पाणी राजद्रोहासाठी आणि वर एक हजार रुपये दंड. खापर्डे त्यांच्यासाठी विलायतेला जाऊन खटपट करत राहिले. म्हणजे राज्यकर्त्यांवरची टीका "समाजात द्वेष" म्हणून नोंदवता येते, हे या कलमानं अगदी पहिल्या दशकातच दाखवून दिलं.

दुसरं कलम, २९५अ, १९२७ चं. लाहोरच्या एका पुस्तकाच्या प्रकाशकाला उच्च न्यायालयानं सोडलं, कारण धर्मसंस्थापकावरची टीका १५३अ मध्ये बसत नव्हती. लोक खवळले, सरकारनं कलम आणलं. कायदा आला म्हणून तो प्रकाशक वाचला का? नाही. १९२९ मध्ये त्याचा खून झालाच.

याच १९२७ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब अमरावतीत होते, अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावरच्या परिषदेत. आणि पुढच्याच महिन्यात, २५ डिसेंबरला, महाडला मनुस्मृती जाळली गेली. विचार करा : ज्यांना तो ग्रंथ पवित्र, त्यांच्या भावना दुखावल्या नसतील का? दुखावल्याच. आणि त्या दुखावणं हाच तर हेतू होता, कारण त्याशिवाय माणूस जागा होत नव्हता.

साठ वर्षांनी चाक फिरलं. १९८७ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड छापला, त्यात राम-कृष्णावरचं परिशिष्ट. शिवसेना आणि मराठा संघटना रस्त्यावर आल्या. अमरावतीत त्या खंडाची प्रत जाळली गेली. सरकार डगमगलं, परिशिष्ट गाळायला निघालं. मग १९८८ च्या फेब्रुवारीत मुंबईत दलित जनतेचा प्रचंड मोर्चा निघाला आणि शेवटी "शासन याच्याशी सहमत नाही" अशा अर्थाची टीप जोडून परिशिष्ट राहिलं. मला विचाराल तर दोन्ही जाळणी अभिव्यक्तीच होत्या. महाडची मला पटते, अमरावतीची अजिबात पटत नाही. पण माझ्या पटण्या-न-पटण्यावर कोणी तुरुंगात जाऊ नये, एवढंच म्हणणं आहे. आणि भावनेच्या कसोटीवर निकाल कशानं लागला? मोर्चाच्या आकारानं. ज्याची गर्दी मोठी, त्याची भावना खरी.

हा या कायद्याचा गाभ्यातला दोष आहे. जखम मोजता येते, जळालेलं दुकान मोजता येतं. दुखावलेली भावना कशानं मोजणार? मग पुरावा म्हणून दंगलच पुढे केली जाते : बघा, लोक चिडले, म्हणजे मजकूर वाईट होता. म्हणजे दगड उचलणाऱ्याला कायद्याचं संरक्षण मिळतं आणि शांतपणे दुखावून घेणाऱ्याला मिळत नाही. अकोल्याच्या पोरांना यातून आपण कोणता धडा देतो?

आता अंमलबजावणी. या कलमांखाली न्यायालयानं खटला चालवायचा तर सरकारची मंजुरी लागते. इथे खरी गोम आहे. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीतले 'सामना'तले अग्रलेख सगळ्यांना आठवतात. बाळासाहेब ठाकऱ्यांना त्यावरून अटक झाली ती जुलै २००० मध्ये, आणि मुदत उलटली म्हणून त्याच दिवशी प्रकरण संपलं. उलट नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या चार ओळींसाठी लगेच अटक झाली. तुमच्या तेव्हाच्या खासदार नवनीत राणांचंच घ्या. एप्रिल २०२२ मध्ये 'मातोश्री'समोर हनुमान चालीसा म्हणण्याच्या घोषणेवरून त्यांच्यावर १५३अ लागलं, वर राजद्रोहही. मे महिन्यात जामीन देताना न्यायालयानं म्हटलं की राजद्रोह प्रथमदर्शनी बसत नाही. त्यांचं राजकारण मला नावडतं. पण तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांना मी म्हटलं होतं, बाप्पा, सरकार बदललं की हेच कलम तुमच्या घरी येईल.

यावर एक आक्षेप गंभीर आहे, तो टाळू नये. शब्दांनीच जमाव पेटतो, आणि पेटतो तेव्हा अल्पसंख्य, दलित, गरीब वस्ती आधी जळते. खरं आहे. म्हणून "अमक्या मोहल्ल्यावर चला, अमक्याला मारा" हे मी अभिव्यक्तीत धरत नाही. ती चिथावणी आहे, धमकी आहे, आणि त्यासाठी स्वतंत्र कलमं आहेत. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५ मध्ये ६६अ रद्द करताना हाच फरक केला : चर्चा वेगळी, पाठपुरावा वेगळा, चिथावणी वेगळी. पहिल्या दोन कितीही कडवट असोत, मोकळ्या हव्यात.

आणि दुर्बळाला या कलमांनी वाचवलं असं चित्रही दिसत नाही. आपल्या शेंडगावच्या गाडगेबाबांची कीर्तनं आठवा. देवापुढे बकरं कापणाऱ्यांना ते भर कीर्तनात उलटे प्रश्न विचारून ओशाळं करत. आज कोणी त्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा मोबाइलवर काढून ठाण्यात गेला तर? ठाणेदार म्हणेल, महाराज, जरा बसा.

मग कसोटी कोणती? ती परदेशातून आणायला नको. मध्य प्रांत आणि वऱ्हाड सरकारविरुद्धच्या भगवतीचरण शुक्ल प्रकरणात, १९४६ मध्ये, नागपूर उच्च न्यायालयाच्या विवियन बोस यांनी ती सांगून ठेवली आहे. शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, कणखर, धीट माणसाच्या मनावरून. दुबळ्या, डळमळीत मनावरून नाही, आणि प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्याच्या नाकावरून तर नाहीच. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले कवी इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा गुजरातमधला गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयानं हीच कसोटी पुन्हा हाती घेतली. नवीन १९६ कलमाला ती लागू केली.

शेजारच्या कर्नाटकात मात्र डिसेंबर २०२५ मध्ये विधानसभेनं द्वेषपूर्ण भाषणाविरुद्ध वेगळं विधेयक मंजूर केलं, शिक्षा सात वर्षांपर्यंत. आपल्याकडेही तशी मागणी होते, आणि करणारे बरेचदा माझेच मित्र असतात. त्यांना मी एकच विचारतो : मंजुरी देणाऱ्या खुर्चीवर तुम्हाला सर्वांत नकोसा माणूस बसलाय असं धरा आणि मसुदा पुन्हा वाचा.

सभागृहातून चिठ्ठी आली आहे : "आमच्या मुलावर असा गुन्हा नोंदवायला कोणी ठाण्यात गेलं तर काय करायचं?" उपयोगाचा प्रश्न आहे. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) खाली, उपअधीक्षकाच्या परवानगीनं, आधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. प्रतापगढी निकालात न्यायालयानं सांगितलं आहे की बोलण्या-लिहिण्याच्या तक्रारीत पोलिसांनी हा मार्ग घेणं योग्य. तेव्हा वकिलाकडून तसा लेखी अर्ज ताबडतोब द्या, त्या निकालाची प्रत जोडा आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.