अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे

लूकच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या, चोविसाव्या अध्यायात पहिल्या ईस्टरच्या दिवसाची हकिकत आहे. पहाटे स्त्रिया कबरेशी जातात, धोंड सरकलेली असते, आत देह नसतो. त्या परत येऊन सांगतात, पण प्रेषितांना ती निव्वळ बडबड वाटते. पुनरुत्थित येशू या शुभवर्तमानात वाचकाला पहिल्यांदा भेटतो तो कबरेपाशी नव्हे, तर यरुशलेम सोडून अम्माऊस गावाकडे निघालेल्या दोन शिष्यांच्या सोबतीला. त्यातल्या एकाचे नाव क्लयपा. दुसऱ्याचे नाव लूकने दिलेलेच नाही. ती क्लयपाची बायको असावी, असा तर्क काही अभ्यासक करतात. योहानाच्या शुभवर्तमानात क्रुसाजवळ उभ्या असलेल्या स्त्रियांमध्ये क्लोपाच्या मरीयेचा उल्लेख आहे. पण क्लयपा आणि क्लोपा हे एकच, असे ठामपणे म्हणता येत नाही.

त्याच दिवशी शिमोन पेत्रालाही येशूचे दर्शन झाले, असे हाच अध्याय सांगतो; मात्र ते अवघ्या एका वाक्यात, तेही इतरांच्या तोंडून. या दोघांच्या वाट्याला मात्र १३ ते ३५ अशी तब्बल २३ वचने आली आहेत. प्रमुख प्रेषिताची हकिकत उरकून टाकायची आणि निराश होऊन गाव सोडणाऱ्यांची सविस्तर सांगायची, ही लूकची निवड सहज झालेली नाही.

अम्माऊस नेमके कुठे होते, याबद्दल एकमत नाही. बहुतेक हस्तलिखितांत अंतर ६० स्टेडिया, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर दिले आहे. चौथ्या शतकातल्या कोडेक्स सिनायटिकससह काही हस्तलिखितांत ते १६० आहे, म्हणजे ३० किलोमीटरच्या घरात. युसेबियस आणि जेरोम या प्राचीन लेखकांनी लात्रूनजवळच्या निकोपोलिसला अम्माऊस मानले. तिथले इमवास हे पॅलेस्टिनी गाव १९६७च्या युद्धानंतर जमीनदोस्त झाले. अल-कुबैबा आणि अबू घोश ही गावेही अम्माऊसचा मान सांगतात. दोघे शिष्य संध्याकाळी गावात पोचून त्याच रात्री यरुशलेमला परतले, हे लक्षात घेतले तर छोटे अंतरच जास्त पटण्यासारखे आहे.

वाटेत एक अनोळखी माणूस त्यांना येऊन मिळतो. तो येशूच असतो, हे वाचकाला माहीत आहे. त्या दोघांना नाही. कसला विषय चालला आहे, असे त्याने विचारताच ते उदास चेहऱ्याने थबकतात. एवढे सगळे घडले ते यरुशलेमात राहून तुलाच तेवढे ठाऊक नाही का, असे क्लयपा त्याला काहीसे टोचूनच विचारतो. मग येशूचीच गोष्ट येशूला ऐकवली जाते. लूकच्या लेखणीतला हा मिस्कीलपणा भाविक वाचनात बहुधा हरवतो.

या दोघांना काय काय माहीत आहे, हे पाहण्यासारखे आहे. नासरेथचा संदेष्टा, त्याची सामर्थ्याची कृत्ये, मुख्य याजकांनी मृत्युदंडासाठी त्याला धरून देणे, क्रूस, रिकामी कबर, देवदूतांची साक्ष, इतकेच काय, आज तिसरा दिवस आहे हेसुद्धा. ईस्टरची जवळजवळ सगळी बातमी त्यांच्यापाशी आहे, तरी इस्राएलची सुटका याच्या हातून होईल ही आशा ते भूतकाळात बोलतात. म्हणजे उणीव माहितीची नव्हती. येशू त्यांना मंदमती म्हणून फटकारतो आणि मोशेपासून सर्व संदेष्ट्यांपर्यंत शास्त्र उलगडून सांगतो. त्याने कोणती वचने घेतली, हे लूक सांगत नाही. यशयाचा ५३वा अध्याय, २२वे स्तोत्र अशी भर पुढच्या प्रवचनकारांनी घातली.

एवढे निरूपण होऊनही ओळख पटत नाही, ती पटते जेवणाच्या वेळी. गाव जवळ येते, अनोळखी माणूस पुढे निघाल्यासारखे करतो. दिवस कलला आहे, आमच्याकडेच राहा, असा दोघे आग्रह धरतात. पंगतीला बसल्यावर मात्र पाहुणाच यजमानाचे काम करतो. यहुदी रिवाजाप्रमाणे भाकरीवर आशीर्वाद म्हणून ती मोडण्याचा मान घरच्याचा. इथे ती पाहुणा घेतो, आशीर्वाद देतो, मोडतो आणि त्यांना देतो. पाच हजारांना जेवू घातले तेव्हा आणि वल्हांडणाच्या शेवटच्या भोजनातही लूकने या क्रिया जवळपास याच क्रमाने लिहिल्या आहेत. त्यांचे डोळे उघडतात आणि त्याच क्षणी तो दिसेनासा होतो. वाटेत तो शास्त्र उलगडत होता तेव्हा अंतःकरण पेटले होते, हे त्यांना आता उमगते. रात्र झाली तरी ते तसेच उठून यरुशलेम गाठतात.

आधी शास्त्रवाचन व त्याचा उलगडा, मग भाकर मोडणे, हा क्रम कॅथलिक उपासनेतल्या मिस्सेच्या विधीतही आहे. या उताऱ्याला चर्चमध्ये इतके महत्त्व आहे ते बरेचसे या साम्यामुळे. रोमन कॅथलिक वाचनक्रमात तो दरवर्षी ईस्टरनंतरच्या बुधवारी येतो, शिवाय तीन वर्षांच्या चक्रातील ‘अ’ वर्षी ईस्टर काळाच्या तिसऱ्या रविवारी. पोलंडमधल्या क्रॅकोव शहरात ईस्टरच्या सोमवारी भरणाऱ्या जत्रेचे नावच ‘एमाउस’ आहे.

चित्रकारांना मोह पडला तो ओळख पटण्याच्या क्षणाचा. कॅराव्हाजिओच्या १६०१च्या चित्रात, जे आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, एक शिष्य खुर्चीचे हात धरून उठू पाहतो, दुसरा दोन्ही बाहू फैलावतो. फळांची टोपली टेबलाच्या कडेवर, पडेल की काय अशी. मागे उभ्या खाणावळवाल्याला मात्र काहीच कळलेले नाही. वेलास्केसने १६१८च्या सुमारास याहून धीट कल्पना केली. त्याच्या डब्लिनमधल्या चित्रात समोर आहे ती सावळ्या वर्णाची मोलकरीण, भांड्यांवर वाकलेली. येशू आणि शिष्य मागच्या खिडकीतून दिसतात, तेही लहानसे. तो भाग कधीतरी रंगाने झाकला गेला होता. १९३३ साली चित्र साफ करताना तो उघडा पडला, तोवर हे केवळ स्वयंपाकघराचे चित्र समजले जात होते.

‘आमच्याकडेच राहा’ या शिष्यांच्या आग्रहावरूनच हेन्री फ्रान्सिस लाइट या अँग्लिकन पाळकाने १८४७ साली ‘अबाइड विथ मी’ हे गीत लिहिले. गांधीजींच्या आवडीचे हे गीत दिल्लीच्या बीटिंग रिट्रीट सोहळ्यात अनेक वर्षे वाजत असे. २०२२ साली ते वगळून त्या जागी ‘ऐ मेरे वतन के लोगो’ची धून घेण्यात आली.