दोन निशाणांचा किल्ला

सुरतेचा किल्ला तापीच्या अगदी काठावर आहे. मार्च १७५९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं तो घेतला आणि एका बुरुजावर आपलं निशाण चढवलं. दुसऱ्या बुरुजावरचं मोगलांचं मात्र उतरवलं नाही. शहर जिंकलं म्हणावं, तर नवाब गादीवर कायम. नाही म्हणावं, तर तोफा कंपनीच्या.

हे जमलं कसं? मोगलांनी शहराचा कारभार आणि किल्लेदारी मुद्दाम वेगळी ठेवली होती, एकानं दुसऱ्यावर नजर ठेवावी म्हणून. आरमार सांभाळायला सिद्दी, आणि त्याचा तनखा सुरतेच्या वसुलातून. कंपनीनं नवं काहीच उभारलं नाही. सिद्दीकडून किल्लेदारी आणि आरमार ही दोन पदं काढून घेतली, दिल्लीहून सनद आणवली आणि कागदोपत्री बादशहाची चाकर झाली. नवाब मिया अचनला राहू दिलं, पण नायब म्हणून आपल्या मर्जीतला फारिसखान बसवला.

तिसरे वाटेकरी मराठे. सुरत म्हटलं की आपल्याला १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्याच आठवतात. पण पेशवे आणि गायकवाड तिथून चौथाई घेत, आणि पेशव्यांचा चौथिया, म्हणजे चौथाई वसूल करणारा अधिकारी, शहरातच मुक्कामाला असे. फुर्ज्यावर, म्हणजे बंदराच्या जकात नाक्यावर, किती जमा झालं हे कळल्याशिवाय वाटा मागणार कसा? या सगळ्यांचं देणं भागवून उरेल त्यात नवाबानं शहराचा बंदोबस्त ठेवायचा. बंदोबस्त ढासळला की बोल त्यालाच.

खरी मेख वारसाहक्कात होती. कंपनीच्या संमतीशिवाय नवा नवाब बसत नसे. पुढे १७९३ मध्ये चीनच्या बादशहानं ल्हासाला सोन्याचा कलश पाठवला आणि दलाई लामांची निवड त्यातल्या चिठ्ठ्यांनी व्हावी असा हुकूम काढला. गादी तशीच ठेवायची, तिच्यावर बसणारा मात्र आपल्या परवानगीनं, ही युक्ती तिथेही तीच.

१७९९ च्या जानेवारीत नवाब निजामुद्दीन वारला. मागे तान्हा मुलगा होता, तोही थोड्याच दिवसांत गेला. भाऊ नसिरुद्दीननं हक्क सांगितला आणि वाटाघाटी वर्षभर लांबल्या. अखेर गव्हर्नर जनरल वेलस्लीच्या हुकमानं मुंबईचा गव्हर्नर डंकन स्वतः सुरतेला आला. मे १८०० च्या तहानं नसिरुद्दीनला नवाबी मिळाली, कारभार कंपनीनं घेतला. मोबदला सालीना एक लाख रुपये आणि शिलकी वसुलाचा पाचवा हिस्सा. गायकवाडांनी आपला वाटा त्याच सुमारास सोडला. पेशव्यांचा १८०२ च्या वसईच्या तहात गेला.

नवाब ही पदवी १८४२ पर्यंत चालली. शेवटचा नामधारी नवाब वारल्यावर कंपनीनं तीही मोडीत काढली, आणि पेन्शनच्या दाव्यासाठी त्याच्या जावयाला थेट लंडन गाठावं लागलं.