रक्तगट जुळला, तरी ‘क्रॉसमॅच’ कशासाठी?

तेरेखोलचा रुग्ण फेरीबोटीने केरीला उतरून म्हापसा किंवा बांबोळी गाठतो, तोवर नातेवाइकांचा धीर संपलेला असतो. रक्तगट ठाऊक असताना रक्तपेढी पाऊण तास का थांबवते, हा त्यांचा प्रश्न स्वाभाविकच.

तो वेळ ‘क्रॉसमॅच’ला लागतो. रुग्णाचे रक्तद्रव आणि दात्याच्या तांबड्या पेशी एकत्र करून पेशींचे पुंजके बनतात का, हे पाहिले जाते. सलाईनमधील चाचणीत एबीओ गटाची विसंगती काही मिनिटांतच उघड होते. मात्र पूर्वीच्या रक्तसंक्रमणामुळे वा गरोदरपणामुळे निर्माण झालेली प्रतिपिंडे तिथे निसटू शकतात. त्यांच्यासाठी मिश्रण ३७ अंश सेल्सिअसला ठेवून, कूम्ब्स व सहकाऱ्यांनी १९४५ साली मांडलेली अँटिग्लोब्युलिन चाचणी करावी लागते. जेल कार्डात निकाल अधिक स्पष्ट दिसतो; सुट्या पेशी तळाशी जातात, पुंजके वरच अडकतात.

मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ साली नोंदवलेला ‘बॉम्बे’ रक्तगट याचे बोलके उदाहरण. केवळ पेशी तपासल्यास तो ‘ओ’ भासतो. परंतु त्या रुग्णाच्या रक्तद्रवातील अँटी-एच प्रतिपिंडे ‘ओ’ पेशींवरही हल्ला चढवतात. ‘ओ’ समजून दिलेले रक्त त्याच्या जिवावर बेतू शकते. क्रॉसमॅचमध्ये हा धोका आधीच कळतो.

प्राण कंठाशी आले असतील, तर डॉक्टरांच्या लेखी मागणीवरून ‘ओ’ निगेटिव्ह रक्त क्रॉसमॅचविना दिले जाते आणि चाचणी मागाहून पूर्ण होते. रुग्णाला पूर्वी कधी रक्त चढवले असल्यास नातेवाइकांनी ते नमुना देतानाच सांगावे.