१६३५ च्या नकाशात वाचलेला १७३९ चा वेढा

तुळिंजकरांनो, वसई किल्ल्यात जाण्याआधी एक जुना नकाशा जरूर पाहा. १६३५ साली आंतोनियो बोकारोने पोर्तुगीज ठाण्यांचा एक ग्रंथ लिहिला. त्यातली चित्रं पेद्रो बारेतो दे रेझेंदेची. त्यात वसईही आहे : उल्हास नदीच्या मुखाशी तटबंदीत वसलेलं अख्खं शहर, त्याचे रस्ते आणि चर्च.

मराठा सेनापती चिमाजी अप्पांचा वेढा त्यानंतर शंभर वर्षांनी पडला, पण त्याचं गणित याच कागदावर उलगडतं. तीन बाजूंना समुद्र, खाडी आणि दलदल. सैन्याला मोर्चे बांधायला कोरडी जमीन फक्त उत्तरेला, म्हणजे आपल्या सोपाऱ्याच्या दिशेला! म्हणूनच मराठ्यांनी उत्तरेकडच्या सेंट सेबॅस्टियन बुरुजाखाली सुरुंग खणले. १७३९ च्या मे महिन्यात ते उडाले, तटाला खिंडार पडलं आणि पोर्तुगीज शरण आले. त्या धुमश्चक्रीत दोन्ही बाजूंची माणसं फार मेली, हे विसरू नये.

नालासोपाऱ्याहून लोकलने वसई रोड, पुढे बस. नकाशा मोबाईलमध्ये ठेवा आणि आधी उत्तरेचा तट गाठा. बहुतेक जण थेट चर्चच्या अवशेषांकडे वळतात. खरी लढाई या तटावर झाली.